कोणत्याही दोन तारा

पंप चालू झाला, नळीच्या तोंडातून पाणी आलं आणि विहिरीच्या काठावरच्या सगळ्यांनी हुश्श केलं. एकट्या ताईच्या कपाळावरची आठी गेली नाही. पाणी येत होतं हे खरं. पण नळी जशी ताठ व्हायला हवी तशी झाली नव्हती. नको असताना उठवलेल्या माणसासारखी ती जमिनीवर आळसावून पडली होती.

विहीर नदीला लागून होती. शहराला पाणी पुरवणारी, चार मजली घर सहज मावेल एवढी खोल. भिंतींची दुरुस्ती करायची म्हणून ती उपसून कोरडी केली होती. पण नदी इतकी जवळ की भिंतींतून पाणी झिरपतच राहायचं, आणि तळाशी लोंबकळणारा एक पंप ते सतत बाहेर फेकत राहायचा. पंप चालू असेल तोवरच खाली माणसाला काम करता यायचं.

दुपारचं जेवण आटोपून माणसं खाली उतरत होती, तेव्हा लोखंडी जिन्याचा खालचा तुकडा निसटला. पडता पडता त्याने विहिरीच्या भिंतीवरून शेडकडे गेलेली विजेची मुख्य केबल तोडली, आणि तळाशी पंपाजवळ ताईचा नवरा बसला होता, त्याच्या पायावर तो जाऊन पडला. पाय मोडला की नुसता दबला, ते कळायला मार्ग नव्हता. जिन्याचं एक टोक अजून एका जाड बोल्टने भिंतीला धरून होतं. तो बोल्ट कापल्याशिवाय जिना उचलता येणार नव्हता, आणि पंप बंद पडल्यापासून पाणी वाढून बोल्ट पाण्याखाली गेला होता. वेल्डर गॅसची नळी खांद्यावर टाकून दोराच्या शिडीवर तयार होता. पण पाण्याखालचं लोखंड त्याच्या बत्तीला कापता येत नव्हतं.

“वीतभर पाणी उतरवा फक्त,” तो खालून म्हणाला होता. “पुढचं मी बघतो.”

जनरेटर आला, जोडला, पंप सुरू झाला. तरी ते वीतभर पाणी उतरत नव्हतं. उलट चढत होतं, अगदी सावकाश. सुरुवातीला नवऱ्याच्या कमरेला होतं, आता शर्टाच्या खिशाला लागत होतं.

ताई काठावर नव्हती. ती पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पॅनेलसमोर उभी होती. पॅनेल तिनेच बांधलेलं होतं. पाण्यात माणूस होता आणि पाण्यात वीजही होती. विजेची जरा गळती झाली की ती आपोआप तोडणारा स्विच तिने त्यात बसवला होता, आल्या आल्या दाबून तपासलाही होता. तरी तिचा हात तिथून हलत नव्हता. तिच्या वडिलांचा नियमच होता, पाण्यात माणूस असला की पॅनेल सोडायचं नाही. शेडमधून तिला नळीचं तोंड दिसत होतं, विहिरीचं तोंड दिसत नव्हतं.

विहिरीच्या तोंडाशी होता तिचा धाकटा भाऊ. पॅनेलकडून येणारी केबल आणि पंपाची केबल जिथे जोडल्या जात, त्या पेटीपाशी तो उकिडवा बसला होता. पंपाची मोटर त्याने भरलेली होती. मोटर भरायची म्हणजे तिच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे. ते काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. पॅनेल तिचं, मोटर त्याची आणि पंप बसवायचा नवऱ्याने, असं ते एका घराचंच काम होतं.

फक्त घर बोलत नव्हतं. वडील गेल्यावर दोघं एकाच कारखान्यात काम करू लागले. ताईला सवय होती धाकट्याच्या कामात हळूच हात घालून ते नीट करून ठेवायची. लहानपणी तिने त्याची पाटीसुद्धा अशीच पुसून पुन्हा लिहिली होती. मोठा झाल्यावर त्यालाही तीच सवय लागली. एकदा त्याने तिच्या एका पॅनेलमधली जोडणी तिला न सांगता बदलली, आणि ते तिला गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं. चारचौघांत ती म्हणाली, “तुला विचारलं होतं का?” तो म्हणाला, “तू कधी विचारतेस?” दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मध्ये प्लायवुडची भिंत उभी राहिली. तेव्हापासून सगळा संसार ‘तिला सांगा’ आणि ‘त्याला सांगा’ यावर चालत होता. सांगायचं ते दाजींनी. दाजी म्हणजे ताईचा नवरा. तो दोन्हीकडे चहा प्यायचा, दोन्हीकडचे निरोप पोचवायचा, आणि पोचवताना त्यांतले काटे वाटेतच काढून टाकायचा.

आज दाजी खाली होते, आणि निरोप्याचं काम मुकादमाच्या गळ्यात पडलं होतं. मुकादम भला माणूस होता, पण त्याला काटे काढता येत नव्हते.

“त्याला विचारा, मोटर तापलीय का,” ताई म्हणाली.

मुकादम धावत काठावर गेला, धावत परत आला. “ते म्हणतात, मोटरीला काय धाड भरलीय, पॅनेल बघा म्हणावं.”

ताई पुन्हा पॅनेलकडे वळली. तिच्या मनात एक शंका आली होती, आणि ती शंका बिनबुडाची नव्हती.

अशा मोटरीला वीज तीन तारांतून मिळते. तिन्ही तारांना एकदम जोर येत नाही, एकीमागून एकीला येतो. तिघांनी गोल करून चेंडू खेळावा तसं ते असतं. ताई आणि धाकटा लहान असताना वडिलांनी त्यांना हे खरोखरच चेंडू घेऊन शिकवलं होतं. बाबांनी ताईकडे टाकायचा, ताईने धाकट्याकडे, धाकट्याने बाबांकडे. चेंडू गोल फिरतो. मग बाबा म्हणायचे, “सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरका.” तिघेही सरकले तरी चेंडू पहिल्यासारखाच, त्याच बाजूने फिरायचा. “आता फक्त तुम्ही दोघं जागा बदला.” की चेंडू लगेच उलटा फिरायला लागायचा. धाकटा त्या वेळी हसून हसून लोळायचा. मोटरही तशीच असते. तिन्ही तारा एकेक जागा सरकवल्या तर तिला पत्ताही लागत नाही. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली तर ती उलटी फिरते.

नेहमीच्या विजेवर पंप सुलटा फिरत होता. पण जनरेटर घाईत जोडला होता. त्याच्या तारांचा क्रम वेगळा असेल तर पंप आत्ता उलटा फिरत असणार.

“पण ताई, पाणी येतंय की,” मुकादम म्हणाला. “उलटा फिरला असता तर पाणी आत ओढलं असतं ना?”

“नाही. बादलीत हात घालून फिरवा,” ताई म्हणाली. ती घाईत असली तरी समजावण्याच्या बाबतीत वडिलांवर गेली होती. “डावीकडून फिरवा नाहीतर उजवीकडून, पाणी काठावरच चढतं. पंप उलटा फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो. फक्त पाती एका बाजूला वळवलेली असतात, म्हणून जोर राहत नाही. हेच तर वाईट. बंद पडला असता तर कळलं तरी असतं.”

क्रम दाखवणारी छोटी डबी असते, तीन दिव्यांची. ती नवऱ्याच्या पिशवीत होती, आणि पिशवी तळाशी पाण्यात. पण डबीची गरज नव्हती. दोन तारा बदलायच्या आणि बघायचं. नळी ताठ झाली तर शंका खरी.

“काठावर सांगा, मी वीज बंद करतेय. चालू करायच्या आधी विचारीन.”

तिने स्विच पाडला, लाल आणि पिवळी तार सोडवली, अदलाबदल करून घट्ट आवळली. पंप बंद होता तेवढ्या वेळात पाणी विनाअडथळा चढत होतं, हे तिला पाठीमागे न बघताही कळत होतं.

“विचारा, चालू करू का? कुणाचा हात नाही ना तारेवर?”

मुकादम गेला, आला. “करू दे म्हणतात.”

तिने स्विच टाकला. नळी थरथरली, पाणी आलं, आणि पुन्हा तशीच आळसावून पडली. पहिल्याइतकंच पाणी. ना थेंब जास्त, ना थेंब कमी.

ताई नळीकडेच बघत होती. म्हणजे शंका खोटी होती. पंप उलटा फिरत नव्हता, आणि दुखणं दुसरंच काहीतरी होतं.

“पंपाच्या तोंडावरच्या जाळीत कचरा अडकला असेल,” काठावरून कुणीतरी ओरडलं. जिना पडताना भिंतीचा चुरा पाण्यात पडला होता, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. “वीज बंद करा, वेल्डर जाळी हाताने साफ करतो.”

तिने पुन्हा स्विच पाडला. आणि वीज बंदच होती म्हणून तिने आपल्या दोन तारा पहिल्या जागी नेऊन ठेवल्या. आपली शंका खोटी ठरली तर आपण केलेला बदल मागे ठेवायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हेही वडिलांनीच शिकवलेलं होतं. वेल्डरने जाळी चाचपली. मूठभर चुरा निघाला.

“चालू करू का?”

“करू दे म्हणतात.”

पंप सुरू झाला. नळी हलली आणि पडून राहिली.

आता मुकादमाच्या चेहऱ्यावरूनही घाम ओघळायला लागला होता. “ताई, पाणी त्यांच्या खांद्याला लागलंय,” तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. “इकडे या. हा स्विच. कुणीही ओरडलं, कुणालाही झटका बसल्यासारखं वाटलं, की हा खाली पाडायचा. विचार करायचा नाही. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी बघून येते.”

वडिलांचा नियम तिने आयुष्यात पहिल्यांदा मोडला आणि काठाकडे पळत गेली. भाऊ पेटीपाशी बसलेला होता. त्याने मान वर केली नाही, तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. ती काठावर पालथी पडली आणि खाली वाकली.

खाली दिव्याच्या उजेडात नवऱ्याचं डोकं आणि एक खांदा दिसत होता. एका हाताने त्याने पंपाचा दोर धरला होता.

“अहो,” ती म्हणाली.

“आलीस? पॅनेल सोडून आलीस म्हणजे माझं काही खरं नाही,” तो म्हणाला. दात वाजत होते, तरी आवाज नेहमीचाच काढायची त्याची खटपट चालली होती. “हे बघ, पाणी गार आहे पण स्वच्छ आहे, तक्रार नाही. तक्रार या पंपाची. चालू केला की गचका देऊन गर्कन वळतो आणि याच्या नळीचा कोपर नेमका माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हाणतो. मेहुण्यांनी मोटर भरताना माझ्यावरचा सगळा राग तिच्यात भरलेला दिसतो. एकदा तरी पलीकडे वळ म्हणावं. दर वेळी आपला इकडेच.”

वेल्डरही हसला नाही, आणि ताई तर मुळीच नाही.

“दर वेळी?”

“दर वेळी म्हणजे काय. तिन्ही वेळा.”

“मधल्या वेळीही? नीट आठवा. जाळी साफ करायच्या आधी चालू केला तेव्हा?”

“अगं, गुडघा माझा आहे. माझ्या नाही लक्षात राहणार तर कुणाच्या? तिन्ही वेळा याच गुडघ्यावर.”

ताई तशीच पालथी पडून राहिली. पंप सुरू होताना आतली पाती एका बाजूला फिरतात आणि पंपाचं धूड क्षणभर उलट बाजूला झटकतं. पाती डावीकडून फिरोत की उजवीकडून, पाणी नळीतूनच येणार. पाणी फसवेल, पण गचका फसवत नाही. आणि मधल्या वेळी तिने दोन तारा बदलल्या होत्या. पंप मुळात सुलटा असो की उलटा असो, त्या वेळी गचका दुसऱ्या बाजूला बसायलाच हवा होता. दोघांनी जागा बदलल्या की चेंडू उलटा फिरतोच. तिथे अपवाद नसतो.

न फिरायला एकच कारण असू शकतं. त्याच वेळी आणखी कुणीतरी जागा बदलल्या असल्या पाहिजेत.

ती उठून बसली. समोर पेटी होती. पेटीचं झाकण उघडं होतं. पेटीशेजारी पाना पडला होता, आणि भावाच्या दोन्ही अंगठ्यांना केबलचं काळं ग्रीस लागलेलं होतं.

तिने तोंड उघडलं आणि सवयीने मान वळवली, ‘याला विचारा’ असं सांगायला कुणीतरी असेल म्हणून. कुणी नव्हतं. मुकादम शेडमध्ये होता. दाजी खाली होते.

“तू तारा बदलल्यास?” ती म्हणाली.

भावाने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. प्रश्न आपल्याला आहे हे त्याला कळायला क्षण गेला. मग त्याचा चेहरा जुन्या सवयीने कडक झाला. “का? विचारायला हवं होतं?”

“भांडू नको रे. सांग. वीज बंद होती तेव्हा बदलल्यास?”

“बदलल्या. मला वाटलं उलटा फिरतोय. फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या वेळी परत होत्या तशा केल्या.”

“मीही.”

“काय मीही?”

“मीही तेच केलं. दोन्ही वेळा. तिकडे, पॅनेलमध्ये.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती बदलत होती तेव्हा तोही बदलत होता. तिने परत केल्या तेव्हा त्यानेही परत केल्या. एकाने चेंडू उलटा फिरवायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने तो पुन्हा होता तसा करायचा. खाली बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत पाणी यायला तेवढं पुरलं होतं.

“म्हणजे तो उलटाच आहे,” धाकटा म्हणाला. “पहिल्यापासून उलटाच आहे.” आणि त्याने पान्याकडे हात टाकला. त्याच वेळी ताई शेडकडे धावायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली.

तोही थांबला होता.

दोघांनाही एकच कळलं. आता दोघांनी मिळून पुन्हा तीच चूक करायची बाकी होती.

“एकानेच,” ताई म्हणाली.

“हो. एकानेच.” तो उभा राहिला आणि पाना पुढे केला. “तू कर. पॅनेल तुझं आहे. मी हात लावत नाही, शप्पथ.”

ताईच्या मनातही पहिल्यापासून तेच होतं. आपणच करावं. तिच्या हातांना ते माहीत होतं, आणि तो करेल ते आपण पुन्हा तपासावं असंही त्यांना वाटत होतं. तिने पाण्याकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी तिकडे जाऊन तारा सोडवेपर्यंत पाणी वाढेल, तुझी पेटी उघडीच आहे. तू इथे आहेस. तूच कर. मी वीज बंद करून ठेवते. तू सांगितल्याशिवाय चालू करणार नाही.” मग जरा थांबून, “आणि मी माझ्याकडचं काही हलवणार नाही.”

ती धावली. “पाडा,” ती लांबूनच ओरडली, आणि मुकादमाने विचार न करता स्विच पाडला. त्याने चांगलं केलं.

पॅनेलसमोर ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तीन तारा तिच्या नाकासमोर होत्या. लाल, पिवळी, निळी. आपण लावलेल्या, आपण आवळलेल्या. तो नीट आवळेल का? घाईत स्क्रू अर्धा तर राहणार नाही? एकदा जाऊन बघून यावं का? तिने बोटांत बोटं गुंतवून घट्ट धरली. मुकादम एकदा तिच्याकडे, एकदा स्विचकडे बघत होता.

“विचारून येऊ का?” त्याने विचारलं.

“नको,” ताई म्हणाली. “तो सांगेल.”

आणि काठावरून आवाज आला. वर्षानुवर्षं त्या आवाजाने तिला हाक मारली नव्हती, म्हणून तो थोडा फाटका वाटला. “ताई, झालं. चालू कर.”

तिने स्विच टाकला.

जमिनीवरची नळी आधी फुगली, मग ताठ झाली, आणि एखादं जनावर अंग झाडून उभं राहावं तशी तिने उसळी घेतली. तोंडातून पाण्याचा जाड सोट निघून पलीकडच्या नाल्यात जाऊन आदळला. विहिरीतून दाजींचा आवाज आला, “पलीकडे वळला. गुडघा वाचला रे.”

ताई तिथून हलली नाही. नियम एकदा मोडला तेवढा पुरे होता. ती नुसती आवाज ऐकत राहिली. पंपाची भरदार घुरघुर. मग बराच वेळ काहीच नाही. मग वेल्डरची हाक, “दिसला बोल्ट.” मग गॅसच्या बत्तीचा फुसकारा. मग साखळी खेचणाऱ्यांचे आवाज, लोखंडाची एक लांब किंचाळी, आणि त्यावर नवऱ्याची ओरड, जिच्यात वेदना होती, पण भीती नव्हती. ती ऐकून मुकादम शेडच्या दारात खाली बसला.

त्यांना झोळीतून वर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते आणि पाय घोट्याच्या वर वाकडा दिसत होता. रुग्णवाहिकेची वाट बघत ते कांबळ्यात गुंडाळून शेडच्या सावलीत पडले होते. एका बाजूला ताई बसली होती, दुसऱ्या बाजूला धाकटा. पंप बंद केला होता, आता खाली कुणी नव्हतं.

“कोणत्या दोन बदलल्यास?” ताईने त्याला विचारलं.

“का? तपासायच्यात?”

“नाही. उगाच.”

“लाल आणि निळी. दोन्ही वेळेला त्याच.”

“मी लाल आणि पिवळी बदलल्या.”

धाकट्याने मनातल्या मनात ते मांडून बघितलं. तिने लाल-पिवळी, त्याने लाल-निळी. बोटांवर तीन माणसं उभी केली, एकदा या दोघांची अदलाबदल, मग त्या दोघांची. मग त्याच्या तोंडून हसू फुटलं, बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसाचं, अर्ध्यावर अडखळणारं.

“म्हणजे आपण दोघांनी मिळून तिघांनाही एकेक जागा पुढे सरकवलं,” तो म्हणाला.

“आणि चेंडूला पत्ताही नाही,” ताई म्हणाली.

कांबळ्यातून दाजींनी एक डोळा उघडला. “काय म्हणतोय तो?”

ताईने सवयीने सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“तूच सांग त्यांना,” ती भावाला म्हणाली.